ठराव पूर्ण दिसत नाही

"मानवजातीचा सगळा इतिहास म्हणजे कडेला काय चाललंय ते न दिसल्याचा इतिहास आहे! राज्यं बुडाली, घराणी संपली, भल्याभल्यांचे मुकुट गेले, ते शत्रू मोठा होता म्हणून नव्हे, तर शत्रू त्यांच्या चौकटीत मावत नव्हता म्हणून!"

हे उद्गार ठरावकाकांनी आवक-जावकबाईंच्या टेबलाखाली उताणं पडून, दातांत दोन स्क्रू धरून काढले. त्यामुळे बाईंना ऐकू आलं ते एवढंच: "माँ... हाँ... क... हूँ." त्यांनी घाईघाईनं पाय खुर्चीवर घेतले.

"काका, उंदीर आहे का खाली?"

"उंदीर नाही बाई, तुमची चप्पल आहे," काका बाहेर येत म्हणाले. स्क्रू त्यांनी तळहातावर काढले, रुमालाला पुसले आणि खिशात टाकले. "रोज केबलवर टाच ठेवून बसता. तिनं तरी किती सोसायचं?"

केबल हा बाईंच्या दुखण्याचा अर्धाच भाग होता. त्यांच्या मॉनिटरवर महिनाभर तक्त्याचा शेवटचा रकाना दिसत नव्हता. रकान्याचं नाव 'शेरा'. अक्षरांचा आकार कुणीतरी दीडशे टक्के करून ठेवलेला. बाकीचे रकाने ऐसपैस पसरले होते आणि शेरा उजव्या कडेतून बाहेर पडला होता.

"मग महिनाभर शेरे भरलेच नाहीत तुम्ही?"

"नाही."

"आणि कुणी विचारलं नाही?"

"अहो, विचारायचं असेल तर ते शेऱ्यातच लिहितात ना!"

काकांनी दोन ठिकाणी टिचकी मारून दीडशेचं शंभर केलं. शेरा रुसून गेलेल्या पाहुण्यासारखा परत येऊन आपल्या जागी बसला. मग काका उठून खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटाला पाठ लावून उभे राहिले आणि तिथून तक्त्याची शेवटची ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली. ही त्यांची पद्धत होती. ज्या खोलीत काम केलं, तिथल्या सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यातून शेवटची ओळ खणखणीत वाचता आली, तरच काम झालं असं ते धरत. वाचून झालं की म्हणत, "दिसतंय."

"दिसतंय," काका म्हणाले.

"म्हणजे आता भरावा लागणार," बाई म्हणाल्या आणि त्यांनी शेऱ्याकडे सवतीकडे बघावं तसं बघितलं.

वीस वर्षांत काकांच्या वाट्याला आलेलं कौतुक साधारण याच जातीचं होतं.

तेवढ्यात बाईंच्या टेबलावरचा फोन वाजला. वरून, सभागृहातून, सचिवांचा होता. सचिव आवाज चढवत नसत, फोन कानापासून लांब धरायला लावत.

"काका तिथं आहेत का? पाठवा वर. ठराव पूर्ण दिसत नाहीये."

इथे ठराव या शब्दाबद्दल सांगायला हवं. बारा वर्षांपूर्वी संस्थेचा सगळा कारभार मायबोलीत करायचं ठरलं आणि त्यासाठी एक भाषा समिती नेमली गेली. समितीनं एक जाडजूड शब्दकोश आणला आणि तक्रारींच्या यादीतला एकेक शब्द बदलायला घेतला. रिझोल्यूशनपुढे शब्दकोशात पहिला अर्थ होता 'ठराव'. समितीनं तो उचलला. स्केलिंगपुढे पहिला अर्थ होता 'खवले काढणे'. समितीनं तोही उचलला. दुसरा अर्थ वाचायची समितीला सवय नव्हती. तेव्हापासून संस्थेत कुणाच्या पडद्याचा ठराव बिघडे, कुणाच्या पडद्याचे खवले काढायचे राहून जात, आणि दोन्ही दुखण्यांना एकच माणूस धावत येई. त्याला ठरावकाका म्हणू लागले. खवलेकाका म्हणाले नाहीत, हे समितीचे उपकार.

पद मात्र भारदस्त होतं: दृश्यपट साहाय्यक (हंगामी). या पदाचं सगळं वजन कंसात होतं. दीडशे माणसांच्या संस्थेत हंगामी माणूस हा एकच, आणि त्याचा हंगाम वीस वर्षं चालला होता. सोमवारी तो संपणार होता. नियम असा की वीस वर्षं सलग भरली की कंस आपोआप गळून पडतो आणि माणूस कायम होतो. आज शुक्रवार होता.

कायम होऊन काकांना मिरवायचं नव्हतं. गोष्ट काकूंच्या डोळ्यांची होती. कायम माणसाच्या बायकोला संस्थेच्या योजनेतून डोळ्यांचे उपचार मिळत. हंगामी माणसाच्या बायकोला डोळे असतात की नाही, याबद्दल नियमात उल्लेख नव्हता.

काकूंच्या उजव्या डोळ्यात बरोबर मधोमध डाग पडला होता आणि डावा त्याच वाटेनं निघाला होता. त्यांना कडा दिसत, मधलं दिसत नसे. दाराची चौकट दोन्ही बाजूंनी दिसे, दारात उभा असलेला नवरा दिसत नसे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दर महिन्याला डोळ्यात एक इंजेक्शन, आणि पहिलं याच महिन्यात. "गेलंय ते परत येणार नाही. राहिलंय ते राहील. पण पुढच्या महिन्यात आलात तर मग काय राखायचं, ते मला विचारू नका." ते इंजेक्शन बाहेर घेणं काकांच्या आवाक्यातलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी महिना सोमवारपासून मोजायला घेतला होता.

घरी काकांनी काकूंसाठी एक जुना मॉनिटर लावून दिला होता, अक्षरं सव्वादोनशे टक्के. त्यावर एका वेळी तीन शब्द मावत. आज सकाळीच काकू मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बातम्या वाचत होत्या.

"मंत्र्यांनी अखेर दिला..." काकूंनी वाचलं आणि थांबल्या.

"काय दिला?" काका बूट घालता घालता थबकले.

"थांबा, सरकवू द्या." काकूंनी चाकावरून बोट फिरवलं. "...इशारा."

"हात्तिच्या."

"अहो, सोमवार किती दिवसांवर आला?"

"तीन. पण शनिवार-रविवार सुट्टी. म्हणजे आजचा एकच."

"मग आज भिंतीला लागून चाला. कुणी काही म्हणालं तर हो म्हणा. तुमची ती कपाटापाशी जाऊन ओरडायची सवय आहे ना, तीही आज नको."

"अगं, ओरडत नाही मी. वाचतो."

"तेच ते. केबल घेतली?"

घेतली होती. काकांची स्वतःची केबल होती, घसघशीत, दोन्ही टोकांना पितळी चमक असलेली. संस्थेच्या केबली वजनावर घेतल्यासारख्या असत. वीतभर वाकवल्या की चित्राला कापरं भरे. म्हणून अडल्या कामाला काका आपली केबल वापरत आणि काम झालं की संस्थेची परत लावून देत. तिच्यासाठी काकूंनी पडद्याच्या उरलेल्या कापडाची एक लांबुळकी खोळ शिवली होती. काकूंच्या हातचं ते शेवटचं शिवण. डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत शिवलेलं, त्यामुळे टीप निम्म्यातून डावीकडे वळली होती आणि मग जणू काही आठवल्यासारखी परत आली होती. "सरळ आलीय ना?" काकूंनी विचारलं होतं. "सरळसोट," काका म्हणाले होते.

सभागृहात काका शिरले तेव्हा घड्याळात बारा वीस झाले होते. लांबलचक टेबलाभोवती नऊ जण बसले होते, आणि समोरच्या भिंतीवर भलामोठा मॉनिटर.

"या!" अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष मनानं चांगले होते. सगळ्यांना अहोजाहो करत आणि कुणाचंच नाव लक्षात ठेवत नसत. "आधी ते माझे गाल बघा हो. मी असा आहे का?"

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात अध्यक्षांचा फोटो होता. तो दोन्ही बाजूंना ताणला गेला होता. डाव्या कोपऱ्यातलं संस्थेचं बोधचिन्ह, गोल वर्तुळात तेवती पणती, आडव्या अंड्यासारखं झालं होतं.

"असे नाही आहात साहेब," सचिव म्हणाले.

"थोडे आहात," उपाध्यक्षबाई म्हणाल्या, आणि टेबल हसलं.

"गाल मरू देत हो," सचिव काकांकडे वळले. "मजकूर खाली कापला जातोय. वरच्यावर सरकवून दाखवायला बंदी, अक्षरं बारीक करायला बंदी. उपाध्यक्षबाई एकला विमान गाठायला उठणार. त्या उठल्या की गणसंख्या मोडली. मग पुढची सभा तीन महिन्यांनी. तेव्हा चला, हात चालवा."

बंदीही उगीच नव्हती. मागच्या एका सचिवांनी याच पडद्यावर 'उपाहारगृह बंद करण्यात यावे' एवढा वरचा अर्धा ठराव मंजूर करून घेतला होता. 'आणि ती जागा सचिवांच्या मेहुण्यास राहण्यास देण्यात यावी' हा खालचा अर्धा कुणी सरकवून बघितलाच नाही. मेहुणा अजून तिथेच राहत होता. त्यानंतर नियम चौदा झाला: ठराव पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकाच वेळी, एकाच पडद्यावर, सगळ्यांत मागच्या खुर्चीवरून वाचता येईल असा दिसला पाहिजे. नाही दिसला तर तो त्या सभेपुरता बाद. कागदावर छापून वाटावा, तर कागद संस्थेनं गेल्या वर्षीच एका ठरावानं हद्दपार केला होता. तेवढा एक ठराव कागदावर झाला होता.

काका भिंतीपाशी गेले. त्यांना दुखणं दारातूनच कळलं होतं. केबलच्या टोकाच्या दोन पिना वाकल्या होत्या. अशा वेळी मॉनिटरला आपलं माप सांगता येत नाही, आणि संगणक विचारत बसत नाही. गप्प बसलेल्याला तो सगळ्यांत लहान माप देऊन मोकळा होतो. मग तेच लहान चित्र मोठ्या पडद्यावर ताणलं जातं, वर्तुळाचं अंडं होतं आणि खालच्या ओळी खाली सांडतात. काकांनी सवयीनं बॅगेच्या चेनला हात घातला आणि सवयीनंच, शेवटची ओळ कुठवर आलीय ते बघायला, मान वर केली.

'ठराव क्रमांक अकरा. अनावश्यक पदे रद्द करण्याबाबत.

१. टंकलेखन यंत्र दुरुस्तीकार. रिक्त.

२. तार विभाग लिपिक. रिक्त.

३. भिंतीवरील घड्याळास किल्ली देणारा. रिक्त.'

चौथी ओळ पडद्याच्या कडेवर कापली गेली होती. अक्षरं खाली बुडाली होती. वर राहिली होती ती नुसती शिरोरेघ आणि रेघेच्या वर जे काही असतं ते. पहिला शब्द: सपाट रेघ. वर काही नाही. दुसरा शब्द: तशीच सपाट रेघ. मग कंसाचं वरचं टोक, त्यात एक टिंब, आणि शेवटी एक दीर्घ वेलांटी, छत्रीसारखी. मग दुसऱ्या कंसाचं टोक.

टिंब आणि वेलांटी. बारा वर्षं काका आपल्या सहीखाली हा शब्द लिहीत आले होते. हं-गा-मी. तो वाचायला त्यांना अक्षरांची गरज नव्हती.

त्यांनी चेनवरचा हात काढून घेतला.

गंमत अशी की करायचं काहीच नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं, तोडायचं नव्हतं, लपवायचं नव्हतं. नुसती एक चेन चाळीस मिनिटं उघडायची नव्हती. एक वाजता बाई उठतील, गणसंख्या मोडेल, ठराव तीन महिने पुढे जाईल, मधे सोमवार येईल, आणि कंस गळून पडेल. काकांनी बॅग दोन पायांच्या मधे ठेवली आणि गुडघ्यांनी दाबून धरली.

"काय झालंय?" सचिवांनी विचारलं.

"केबल गेलीय साहेब. पिना वाकल्यात."

"मग दुसरी लावा."

"भांडारातल्या सगळ्या याच आईच्या लेकी आहेत साहेब."

दोन्ही वाक्यं शंभर टक्के खरी होती. इतकं खरं बोलून इतका मोठा अपराध काकांनी जन्मात केला नव्हता.

बारा पस्तीस झाले. काका वाकलेल्या पिना स्क्रूच्या टोकानं सरळ करायचा प्रामाणिक प्रयत्न करत राहिले. प्रामाणिक प्रयत्नानं त्या सरळ होत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं.

"आमच्याकडे भांडीवाल्या बाई टीव्हीला मोबाइल जोडतात," उपाध्यक्षबाई घड्याळ बघत म्हणाल्या. "ओल्या हातानं. दोन मिनिटांत."

"काका, जमत नसेल तर तसं सांगा," सचिव म्हणाले. "वीस वर्षं तुम्ही करत काय होता, हा प्रश्न मग आम्ही सवडीनं विचारू."

"आज विचारा की!" कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा झाला. काका हसले. घरून तशी सूचना होती.

बारा पंचेचाळीस झाले. टेबलाच्या शेवटी एक ज्येष्ठ सदस्य बसत. ते प्रत्येक सभेत झोपत आणि मतदानाच्या वेळी हात वर करून परत झोपत. आज मतदान लांबल्यामुळे त्यांची झोप मोडली. त्यांनी डोळे चोळले, पडद्याकडे रोखून बघितलं आणि विचारलं, "हे अंडं कशाचं लावलंय?"

"कुठलं अंडं?"

"ते काय, कोपऱ्यात. दिव्याखाली उबवत ठेवल्यासारखं."

"अहो, आपलं बोधचिन्ह आहे ते!"

"आपलं?" ज्येष्ठ सदस्य म्हणाले. "असं कुणी केलं त्याचं? मला वाटलं कोंबड्यांची योजना आली."

सभागृह असं हसलं की अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. उपाध्यक्षबाईंनी कोंबडीचा आवाज काढला. तो हुबेहूब होता. काका हसले नाहीत. ते अंड्याकडे बघत होते. पंचवीस मिनिटं ते अंड्याकडे बघायचं टाळत होते, आणि आता त्यांना ते दिसलं. त्यांच्या मानेवरून काहीतरी चढत गेलं आणि कानांपर्यंत आलं.

बारा त्रेपन्नला काकांनी चेन उघडली.

यात निष्ठा, त्याग, कर्तव्य असलं काही शोधत बसू नये. खाज सुटली की माणूस खाजवतो. त्यासाठी आधी ठराव करत नाही. काकांनी खोळीतून केबल काढली, जुनी उपटली, आपली लावली. पडदा दोन सेकंद काळा झाला. मग उजळला, आणि वर्तुळ गोल होतं. पणतीची ज्योत सरळ. अध्यक्षांचे गाल आत गेले. पडद्याला आपलं माप सापडलं, आणि खालच्या ओळी एकेक करत वर येऊन उभ्या राहिल्या, कडा कुठेही न शिवता.

"वा!" अध्यक्ष म्हणाले. दोघातिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

काम अजून झालं नव्हतं. काका टेबलाला वळसा घालून सगळ्यांत मागच्या खुर्चीपाशी गेले, भिंतीला पाठ लावली आणि तिथून खणखणीत आवाजात शेवटची ओळ त्यांनी वाचली:

"चार. दृश्यपट साहाय्यक, कंसात हंगामी. या पदावरील व्यक्तीची सेवा आज कार्यालय सुटताच संपुष्टात येईल."

वाचून झाल्यावर ते म्हणाले, "दिसतंय."

सचिव छताकडे बघू लागले. छतावर काही नव्हतं.

"छान, छान. कुणाची काही हरकत?" अध्यक्षांनी विचारलं.

"हे दृश्यपट साहाय्यक म्हणजे काय असतं हो?" उपाध्यक्षबाई पर्स आवरत म्हणाल्या. "वरचे तीन रिक्त आहेत. या चौथ्यापुढे रिक्त लिहिलेलं नाही."

"राहून गेलं असेल," अध्यक्ष म्हणाले. "काय सचिव? कुणी आहे का अजून या पदावर?"

सचिव घसा साफ करत राहिले. घसा बराच वेळ साफ होईना.

"आहे," मागच्या खुर्चीपासून काका म्हणाले.

"असं? मग ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले. त्यांना वाटलं, माहीतगार माणसानं माहिती पुरवली. "त्याला रीतसर कळवा म्हणजे झालं. हात वर करा बघू."

नऊ हात वर गेले. ज्येष्ठ सदस्यांनी आपला वर केला आणि झोपेपूर्वी काकांना अंगठाही दाखवला. अंड्याचं वर्तुळ झाल्याचं त्यांना मनापासून आवडलं होतं. ठराव सर्वानुमते मंजूर झाला तेव्हा एकला दोन मिनिटं कमी होती. उपाध्यक्षबाई विमानाला निघाल्या.

काकांनी भिंतीजवळच्या संगणकावर तक्रार बंद केली, कारण बंद न केलेली तक्रार सोमवारी दुसऱ्या कुणाला तरी त्रास देते. तक्रार: ठराव पूर्ण दिसत नाही. कार्यवाही: ठराव पूर्ण केला. शेरा या रकान्यात काही लिहिल्याशिवाय यादी पुढे जात नव्हती. काकांनी लिहिलं, 'काही नाही.'

मग ते आपली केबल काढायला वाकले.

"राहू द्या ती," सचिव मागून म्हणाले. "दुपारी दुसरी सभा आहे. फार छान दिसतंय."

"माझी आहे साहेब ती."

"असेल हो. पण भिंतीला लागली की संस्थेची. बाहेर न्यायची तर वस्तू बाहेर नेण्याचा परवाना लागतो." सचिवांनी घसा साफ केला. "आणि तो कायम कर्मचाऱ्यालाच मिळतो. नियम मी केलेले नाहीत काका."

हे खरं होतं. नियम सचिवांनी केले नव्हते. सचिवांनी फक्त ठराव केला होता.

"बॅगेत ती गुंडाळी कसली?" सचिवांनी विचारलं.

"खोळ आहे. केबलची. बायकोनं शिवलेली."

"ती न्या की! ती कशाला ठेवताय?" सचिव मोठ्या मनानं म्हणाले.

काकांनी खोळ झटकली, टीप वळते तिथं बोट ठेवून चौपदरी घडी घातली आणि शर्टाच्या खिशात सरकवली. बाहेर व्हरांड्यात आल्यावर फोन वाजला. काकू होत्या. काकूंना पडद्यावर काकांचं नाव वाचता येत नसे. त्या कोपऱ्यातलं वरचं बटण दाबत, तिथं काकांनी फक्त आपल्यालाच ठेवलं होतं.

"अहो, जेवलात का? दिवस कसा चाललाय?"

"झालं काम. शेवटच्या ओळीपर्यंत दिसलं सगळ्यांना."

"ओरडला नाहीत ना?"

काकांनी शर्टाच्या खिशातली खोळ चाचपली.

"ओरडलात," काकू म्हणाल्या आणि हसल्या. "बरं, असू दे. आता मधे काही नाही. आता एकदम सोमवार. मी डॉक्टरांकडे नंबर लावून ठेवलाय. मंगळवारचा दिलाय त्यांनी. ऐकताय ना?"

"ऐकतोय."

एवढ्यात व्हरांड्याच्या त्या टोकाकडून, चहाचा कप सांभाळत, अध्यक्ष आले. त्यांना आत्ताच सचिवांनी हळूच सांगितलं होतं आणि त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. ते मनानं चांगले होते, हे आधी सांगितलंच आहे. त्यांनी मोकळा हात काकांच्या खांद्यावर ठेवला. काकांनी फोन कानापासून खाली घेतला, बंद करायचा राहिला.

"तुम्हीच होय ते? अहो, बोलायचं नाही का! म्हणजे, बोलून काही झालं नसतं म्हणा. पण तुमच्यासारखा माणूस संस्थेला पुन्हा मिळणार नाही, हे मी नोंदवून ठेवायला सांगतो. काय स्वच्छ दिसत होतं हो! शब्द न् शब्द." अध्यक्षांनी चहाचा घोट घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "एक विचारायचं होतं. आमच्या घरच्या टीव्हीला लॅपटॉप जोडला की चारी बाजूंनी कडा कापल्या जातात. नातवंडांचे फोटो लावले की कडेची दोन नातवंडं दिसतच नाहीत, फार चिडचिड होते. तर सोमवारी सकाळी याल का घरी? तुम्ही आता मोकळेच असाल."

हातातल्या फोनमधून बारीक आवाज आला, "कोण आहे हो? सोमवारचं काय म्हणतायत?"

काकांनी मान हलवली. ती होकारासारखी दिसली असावी, कारण अध्यक्ष खूश झाले, दोन पावलं गेले आणि मग काही आठवल्यासारखे परत वळले.

"आणि हो, येताना ती तुमची केबल तेवढी घेऊन या. आमची जरा सैल आहे."